संकलकाचा दुसरा पडदा

ग्रंथाचे होते ते संपादन आणि चित्रपटाचे होते ते संकलन. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे. आपण मात्र हे दोन व्यवसाय दोन नावांनी ओळखत आलो, आणि त्यामुळे एका मेजावरच्या माणसाला दुसऱ्या मेजावर काय चालते याची चौकशी करण्याची फारशी गरज भासली नाही. 'संकलन' हा शब्द मुळात गणितातला. 'लीलावती'च्या परंपरेत संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. चित्रपटाच्या संकलकाचे बहुतेक आयुष्य वजाबाकीत जाते, तरी त्याच्या कामाला आपण बेरजेचे नाव दिले आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरूर आणि दौंड तालुक्यांत, लग्नाच्या चित्रणावर काम करणाऱ्यांनी तर हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून तिसराच शब्द चालवला: 'मिक्सिंग'. शूटिंग झाले, मिक्सिंग राहिले आहे, असे तेथे म्हणतात. ते राहिल्याचे कारण बहुधा वैशाखातल्या तिथींची गर्दी हे असते.

प्रस्तुत लेखाचा विषय या मिक्सिंगच्या मेजावरील एक वस्तू, म्हणजे दुसरा पडदा, हा आहे. संगणकाला एकाऐवजी दोन मॉनिटर जोडले की व्हिडिओचे काम लवकर उरकते, असे आज कोणताही विक्रेता सांगेल. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दुसऱ्या पडद्याचा इतिहास संगणकाहून जुना आहे आणि, आमच्या मते, तो वेगाचा कमी व निवडीचा अधिक आहे. जे घेतले ते एका बाजूस, ज्यातून घेतले ते दुसऱ्या बाजूस, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर, अशी ती मांडणी आहे. पुण्याच्या परिसरात ही मांडणी व्हिडिओ येण्याच्या कितीतरी आधी, कागदावर, सिद्ध झालेली होती. म्हणून आरंभ तेथून करणे बरे.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले आणि ते 1966 साली पुरे झाले. 1925 पासून 1943 पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, वि. सी. सुखटणकर हे तिचे प्रमुख संपादक होते. तेथील पाठमेलनाची पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्यांना निदान ऐकून तरी ठाऊक असते. चौकटी आखलेल्या कागदाच्या माथ्यावर प्रचलित पाठातील श्लोक अक्षरागणिक एकेका चौकटीत लिहावयाचा, आणि प्रत्येक हस्तलिखितातील भेद त्याच्या खाली, त्या त्या अक्षराच्याच रकान्यात, नोंदवावयाचा. संपादकाने निर्णय करावयाचा तो हा सगळा तक्ता समोर ठेवून. याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. निर्णय झाल्यावर नाकारलेले पाठ टाकून दिले जात नाहीत. ते पानाच्या तळाशी बारीक टाइपात छापले जातात, आणि संपादकाशी मतभेद असणाऱ्या वाचकाला वरचा पाठ सोडून खालचा उचलण्याची मोकळीक राहते. छापील पान हेच तेथे दोन पडद्यांचे झाले आहे.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे याच सुमारास, किंबहुना थोडे आधीच, निराळ्या प्रकारचे पण याच जातीचे काम चालू होते. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये बायबलचे मराठी भाषांतर इंग्रजीवरून न करता मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केले. 1922 साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते नुकतेच पुरे झाले होते. जुळणी आणि छपाई तेथल्याच छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांनी केली. एक डोळा मुळावर आणि एक आपल्या ओळीवर ठेवून काम करण्याची शिस्त केडगावच्या रेल्वे स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर इतकी वर्षे पाळली गेली, याची आठवण त्या रस्त्यावर लग्नाचे शूटिंग करीत हिंडणाऱ्या कोणाला असेल असे आम्हांस वाटत नाही. असण्याचे कारणही नाही. दोन कामांत कार्यकारणसंबंध आहे असा आमचा दावा नाही. प्रश्न मात्र एकच आहे: निवडताना काय काय समोर असावे, आणि निवडून झाल्यावर उरलेल्याचे काय करावे?

चित्रपटाच्या संकलकापुढे हा प्रश्न आरंभी पडद्याच्या रूपाने आलाच नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली प्रदर्शित झाला तेव्हा फिल्मची पट्टी उजेडापुढे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहावयाची, कात्रीने कापावयाची आणि जोडावयाची, हीच रीत होती. पट्टीवरील चित्र माणसाला दिसते, ही फिल्मची फार मोठी सोय होती. तिचे मोल पुढे टेप आल्यावर कळले. इव्हान सेरुरिए या हॉलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने अमेरिकेत 1924 साली मुव्हिओला नावाचे यंत्र स्टुडिओंना विकण्यास प्रारंभ केला. त्याच्या छोट्या भिंगातून एका वेळी एका माणसाला चालते चित्र पाहता येई.

प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्यास आली. 'संत तुकाराम' 1936 साली तेथेच तयार झाला. त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांची नावे सर्वांच्या ओठांवर असतात, संकलक ए. आर. शेख यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. फिल्मच्या संकलनखोलीत पडदा एकच असला तरी भोवतालची खोली मोकळी नसे. कापून काढलेले तुकडे खिळ्यांच्या दांडीला टांगलेले असत, खाली कापडाचे अस्तर लावलेली टोपली असे आणि फिल्मची लांब शेपटे तीत लोंबत. एखादा तुकडा दोन चौकटींनी लांबवावयाचा असेल तर त्या दोन चौकटी त्याच दांडीवर सापडत. संकलकाचा दुसरा पडदा म्हणजे ती दांडी. इंग्रजीत या टोपलीला 'बिन' म्हणतात. पुढे संगणकावरील संकलनात कच्च्या चित्रणाच्या कप्प्यालाही हेच नाव राहिले. शिरूरच्या एखाद्या स्टुडिओत 'बिनमध्ये टाक' असे कोणी म्हणतो तेव्हा तो नकळत त्या कापडी टोपलीचेच नाव घेत असतो.

प्रभातच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि 1974 मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून तेथे आले. आडव्या मेजावर तबकड्या फिरणारी स्टीनबेक यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक टेप ही दोन जगे अशा रीतीने लॉ कॉलेज रस्त्यावरील एकाच कुंपणात नांदू लागली. आमच्या दृष्टीने खरा सांधा येथे आहे.

टेपवरचे चित्र डोळ्यांना दिसत नाही. 1956 साली अँपेक्स कंपनीची व्हिडिओ टेप यंत्रे आली तेव्हा प्रारंभी टेपही पात्याने कापून जोडत. त्यासाठी तिच्यावर लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय रेषा सूक्ष्मदर्शकाखाली शोधाव्या लागत. हा उद्योग लवकरच सुटला. कापण्याऐवजी नक्कल करणे आले: एका यंत्रावर मूळ टेप वाजवायची आणि हवा तेवढा भाग दुसऱ्या यंत्रावर उतरवायचा. दोन यंत्रे आली म्हणजे दोन पडदे आलेच. डावीकडच्या पडद्यावर मूळ, उजवीकडच्या पडद्यावर नक्कल. ही कोणाची कल्पकता नव्हती. न दिसणाऱ्या माध्यमाने लादलेली ती सक्ती होती.

1971 साली सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सीएमएक्स 600 नावाचे यंत्र काढले. संगणकाच्या साह्याने, कोणत्याही क्रमाने संकलन करू देणारे हे पहिले यंत्र मानतात. धुलाईयंत्राएवढ्या पेट्यांतील चकत्यांवर जेमतेम अर्ध्या तासाचे कृष्णधवल चित्रण मावे आणि किंमत अडीच लाख डॉलरच्या घरात जाई, त्यामुळे ते फार खपले नाही. पण त्याच्या मेजावर दोन पडदे होते. उजव्या पडद्यावर मूळ चित्रण पाहून प्रकाशलेखणीने निवड करावयाची, आणि डाव्या पडद्यावर आतापर्यंत जुळलेले चित्र. म्हणजे संगणकीय संकलनाच्या पहिल्याच मेजावर दुसरा पडदा गृहीत धरलेला होता. तो मागाहून झालेली सुधारणा आहे, हा समज यामुळे टिकत नाही.

आता शिरूर-दौंडकडे वळू. ही दोन गावे एका दमात उच्चारली जात असली तरी त्यांची घडण भिन्न आहे. शिरूर घोड नदीच्या काठचे, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही घोडनदीच, एकेकाळी इंग्रजांची छावणी असलेले, पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. दौंड भीमेच्या काठचे, मनमाडकडे फाटा फुटला तेव्हापासून रेल्वेचे. दोन्ही पुण्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. पुण्यातील वस्तू मिळावी इतकी जवळ, आणि बिघडल्यास लगेच दुरुस्त होऊ नये इतकी दूर. मिक्सिंगच्या धंद्याला हे अंतर फार भोवले.

1982 च्या आशियाई क्रीडा स्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ कॅसेट यांचा प्रसार झाला, आणि फोटो स्टुडिओच्या पाटीवर 'व्हिडिओ शूटिंग' हे शब्द चढले. व्हीएचएसच्या काळात मिक्सिंगचे मेज म्हणजे दोन व्हीसीआर, मधोमध पॅनासॉनिकचा मिक्सर आणि दोन पडदे. फुलाच्या आकारात उघडणारे, पानासारखे उलटणारे ते दृश्यबदल याच मिक्सरची देणगी. 'मिक्सिंग' हा शब्दही त्यातूनच रुजला. या पद्धतीचा जाच दुहेरी होता. एक, मध्येच चार सेकंद वाढवावयाचे ठरले तर तेथून पुढचे सगळे पुन्हा उतरवावे लागे. दोन, प्रत्येक नकलेबरोबर चित्र पुसट होई. मूळ कॅसेटवरून जुळणी, जुळणीवरून प्रती, म्हणजे वरपक्षाच्या हाती पडे ती तिसरी पिढी. यामुळे निवड आधी करून मग हात घालावा लागे. वहीत वेळा टिपून ठेवणारा, कॅसेट पुढे-मागे फिरवताना सगळे लग्न दोनदा तरी पाहिलेला माणूस त्या मेजावर बसे. मूळ चित्रण डावीकडे सतत चालू असे. ते टाळून काम करणे शक्यच नव्हते.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आणि 2000 नंतर हा व्यवहार संगणकावर आला. 1995 साली डीव्ही कॅसेट निघाली होती; कॅमेऱ्यातून फायरवायरच्या तारेने चित्रण थेट हार्ड डिस्कवर घेता येऊ लागले, प्रीमियर आणि पुढे एडियस ही सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावी पोचली. नक्कल पुसट होण्याचा प्रश्न मिटला, मधेच चार सेकंद घालण्याचाही मिटला. आणि याच घडीला, कोणी फारशी दखल न घेता, दोन पडद्यांचा एक पडदा झाला.

यातील अडचण साध्या अंकगणिताची आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत डीव्हीच्या एका चौकटीत 720 बिंदू रुंदीला आणि 576 उंचीला असतात. मूळ आणि जुळणी अशी दोन चित्रे पूर्ण आकारात शेजारी ठेवायची तर 1440 बिंदूंची रुंदी हवी. त्या काळच्या सतरा इंची मॉनिटरवर सर्रास वापरात असलेली मांडणी 1024 बाय 768 ची. दोन चित्रे मावत नाहीत. एक ठेवले तरी खाली टाइमलाइनसाठी 192 बिंदू उरतात, ज्यात चित्राच्या दोन आणि आवाजाच्या दोन पट्ट्या कशाबशा बसतात. मग दोन्ही चित्रे टपाल तिकिटाएवढी करायची किंवा मूळ चित्राची खिडकी मिटवून टाकायची. बहुतेकांनी मिटवली. चित्रण टाइमलाइनवर अखंड ओतायचे आणि नको तेवढे कापत जायचे, ही सवय त्यातून लागली. ती वजाबाकी खरी, पण सुखटणकरांची नव्हे. वजा केलेले येथे दिसेनासे होते.

दोन मॉनिटर जोडणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य होते असे नाही. मॅकिंटॉशवर ते 1987 पासून आणि विंडोजवर 1998 पासून जमत होते. मॅट्रॉक्स कंपनीने 1999 साली दोन मॉनिटर चालवणारे एकच कार्डही काढले. परदेशातील अव्हिडच्या मेजांवर दोन पडदे ही साधी रीत होती: एकावर कप्पे, दुसऱ्यावर मूळ व जुळणीची चित्रे आणि टाइमलाइन. पण शिरूर-दौंडच्या गाळ्यांत मेजाची खोली दीड हात, आणि काचेच्या नळीचा प्रत्येक मॉनिटर पाठीमागे तेवढाच खोल. त्यातून वीज. 2005 च्या पुढे ग्रामीण महाराष्ट्रातील भारनियमनाची आठवण येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. असा एकेक मॉनिटर पाऊणशे वॅटच्या आसपास वीज खाई. छोट्या यूपीएसवर दुसरा जोडला की काम जतन करून संगणक बंद करण्यापुरती सवडही उरत नसे. कामाचा वेग वाढवणारी वस्तू वीज गेल्यावर कामच बुडवील, असा तो हिशेब होता.

मग या मंडळींनी जे केले ते आम्हांस या इतिहासातील सर्वांत रोचक वळण वाटते. त्यांनी दुसरा पडदा म्हणून घरगुती टीव्ही लावला. कॅमेरा संगणकाला जोडलेला असेच. त्याच्या दुसऱ्या तोंडातून चित्र बाहेर काढून एकवीस इंची टीव्हीवर सोडायचे. याला तांत्रिक कारण होते. टीव्हीचे चित्र सेकंदाला पन्नास अर्ध्या चौकटींनी बनते, संगणकाच्या मॉनिटरवर ते तसे दिसत नाही. अर्ध्या चौकटींचा क्रम उलटला तर मॉनिटरवर सगळे आलबेल आणि टीव्हीवर नवरदेवाची घोडी थरथरत चाललेली. शिवाय टीव्ही चित्राच्या कडा झाकतो, त्यामुळे मॉनिटरवर सुबक बसलेल्या 'चि. सौ. कां.' मधला 'चि.' टीव्हीवर अर्धा गायब होई. लग्नाची सीडी पाहिली जाणार ती टीव्हीवरच. म्हणून निर्णय टीव्हीवर पाहून करावयाचा.

परंतु या पडद्याने कामाची रचनाच बदलली. टीव्ही मोठा, आणि तो साहजिकच संकलकाच्या पाठीमागे बसलेल्यांकडे वळवलेला. त्या खुर्च्यांवर वधूचा मामा, वराची आत्या, क्वचित स्वतः नवदांपत्य येऊन बसे. 'या काकांना घ्या, ते रुसतील.' 'हा माणूस कोण? काढा याला.' मूळ आणि जुळणी शेजारी ठेवणारा दुसरा पडदा जाऊन लेखक आणि वाचक यांना शेजारी बसवणारा दुसरा पडदा आला. संहिता पुरी होण्यापूर्वीच वाचक तिच्यात हात घालतो आहे, हे दृश्य आपल्या समीक्षाव्यवहारात केवळ तात्त्विक चर्चेत भेटते. दौंडच्या बाजारपेठेत ते एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असे. त्याच्या निवडीचे निकषही उघड होते. नाते प्रथम, मानपान नंतर, चित्राची बरीवाईट प्रत सर्वांत शेवटी. स्वयंपाकाच्या मांडवातील बायका, वाजंत्री, उष्टी काढणारी माणसे यांच्या वाट्याला, कोणी खास सांगितले नाही तर, कात्रीच येई.

सपाट मॉनिटर स्वस्त झाले तसे चित्र पुन्हा पालटले. 2004 साली शिरूर तालुक्यातीलच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि टीव्ही संच तेथे तयार होऊ लागले. शिरूरच्या स्टुडिओवाल्याला पडदा हवा असला की तो मात्र पुण्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत जाई. पंधरा-वीस किलोमीटरवर घडणारी वस्तू सत्तर किलोमीटरवरून आणावी लागते, ही आपल्या औद्योगिकीकरणाची एक नेहमीची गंमत. पातळ मॉनिटर आले, विजेची भूक निम्म्याहून कमी झाली, मेजावर जागा झाली. 2010 च्या पुढेमागे दोन मॉनिटरची जोडी तालुक्याच्या स्टुडिओंत रुळू लागली.

तिच्याबरोबर वेगाची भाषाही आली. या भाषेचे एक मूळ 2003 साली अमेरिकेतील उटाह विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात आहे. एकाहून अधिक पडद्यांवर काम करणाऱ्यांची कामगिरी सरस ठरते, असा त्याचा निष्कर्ष. मॉनिटर बनवणारी एनईसी-मित्सुबिशी ही कंपनी त्या अभ्यासात सहभागी होती, आणि तपासलेली कामे मजकूर, तक्ते व सादरीकरणाची पाने सुधारण्याची होती, व्हिडिओची नव्हती. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो लग्नाच्या तीन तासांच्या चित्रणाला जसाच्या तसा लावणे घाईचे आहे. खिडक्या उघडण्या-मिटण्याचा वेळ वाचतो हे उघड आहे. वाचलेल्या वेळाचे काय होते, हा पुढचा प्रश्न.

दोन पडद्यांवर काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू. डाव्या मॉनिटरवर कप्पे: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टके, सप्तपदी, पंगत, पाठवणी. प्रत्येक तुकड्याचे एक स्थिर चित्र. उजवीकडे वर मूळ आणि जुळणी, खाली टाइमलाइन. दोन-तीन कॅमेरे असतील तर त्यांची वेळ जुळवावी लागते. चित्रपटात त्यासाठी पाटी वाजवतात. लग्नात ते काम शेवटचे 'सावधान' करते, कारण त्याच क्षणी अक्षता उडतात, टाळ्या पडतात आणि वाजंत्री सुरू होते. आवाजाच्या आलेखात तो कडा असा उभा राहतो की तिन्ही कॅमेरे त्याच्याशी डोळे मिटून जुळवावेत. जुळल्यावर तिन्ही दृश्ये एका पडद्यावर शेजारी लावून दुसऱ्यावर निवड पाहता येते. अंतरपाट दूर होताना एक कॅमेरा वधूवर असतो, दुसरा वरावर, आणि तिसरा, बहुधा नवशिक्या पोराच्या हातातला, भलतीकडे: मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसणाऱ्या बापाकडे. एका पडद्यावर काम करणाऱ्याला हे तिसरे चित्रण उघडून पाहण्याची आठवण होईलच असे नाही. शेजारच्या पडद्यावर ते आपोआप चालू असते.

वॉल्टर मर्च या अमेरिकी संकलकाने या मुद्द्याचा फार जवळून विचार केला आहे. त्याने संकलित केलेला 'द इंग्लिश पेशंट' हा 1996 चा चित्रपट म्हणजे संगणकावर जुळवून संकलनाचे ऑस्कर मिळवणारा पहिला चित्रपट. तरीही फिल्मच्या आडव्या मेजाबद्दल त्याची एक हळहळ आहे: रीळ फिरवत हवा तो तुकडा शोधताना नको असलेले चित्रणही डोळ्यांखालून जाई, आणि शोधत नव्हतो ते सापडे. संगणक मागितले तेवढेच देतो. यावर त्याचा उपाय असा की प्रत्येक दृश्यातील स्थिर चित्रे छापून ती खोलीतील मोठ्या फलकांवर टाचून ठेवायची, म्हणजे काम करता करता नजर त्यांच्यावरून फिरत राहते. हॉलीवूडच्या संकलकाने भिंतीवर लावलेला हा दुसरा पडदा कागदाचा होता, भांडारकर संस्थेतील तक्त्यांसारखाच.

शिरूर-दौंडमध्ये वाचलेला वेळ मात्र पाहण्यात गेला नाही. तो दुसऱ्या लग्नात गेला. एडियससाठी तयार साचे बाजारात मिळतात. त्यांना 'प्रोजेक्ट' म्हणतात. पाकळ्या उधळणाऱ्या, हृदयाच्या चौकटी फिरवणाऱ्या अशा एका साच्यात ठरावीक रिकाम्या जागा असतात, आणि त्यांत या लग्नातील तुकडे बसवले की गाणे तयार. दोन मॉनिटरवर हे काम झपाट्याने होते: एकावर साचा, दुसऱ्यावर चित्रणाचा कप्पा, आणि मधून माउसने ओढत जाणे. म्हणजे ज्या मांडणीचा जन्म मूळ नजरेआड होऊ नये म्हणून झाला तिचा उपयोग मूळ न पाहता जागा भरण्यासाठी होऊ लागला. याचा दोष संकलकाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. एका तिथीला चार लग्ने, दर ठरलेला, आणि पूजेच्या आत सीडी हवी म्हणणारे घर, या तिन्हींच्या कचाट्यात त्याने साचा वापरला नसता तरच नवल.

निवडून उरलेल्याचे काय झाले, हे आता सांगितले पाहिजे. डीव्हीच्या तासाभराच्या चित्रणाला सुमारे 13 जीबी जागा लागे. 2003-04 च्या सुमारास स्टुडिओतील हार्ड डिस्क 40 किंवा 80 जीबीची. म्हणजे दोन-तीन लग्नांत ती भरणार. सीडी पोचती झाली की मूळ चित्रण पुसले जाई आणि कॅसेटवर पुढचे लग्न चढे. प्रभातच्या वारशाचेही पुण्यात असेच काही झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट फिल्मचा मोठा साठा 2003 सालच्या आगीत जळाला. ती दुर्घटना होती, तिची बातमी झाली, हळहळ झाली. तालुक्यातील पुसण्याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण तो धंद्याचा नित्यक्रम होता. महाभारताच्या पानाच्या तळाशी नाकारलेले पाठ उभे आहेत; लग्नाच्या सीडीला तळटीप नाही. मेजावर दुसरा पडदा चालू होता तेवढाच काळ तिचा पाठभेद अस्तित्वात होता.

आणि तो नेमका हवा असतो. आजोबा वारल्यावर, किंवा वधूची धाकटी बहीण दूरदेशी गेल्यावर, घरातील कोणी स्टुडिओत येऊन विचारते: त्या दिवशीचे आणखी काही आहे का? सीडीत आजोबा आहेत ते आहेराच्या रांगेत तीन सेकंद, कडेला हृदयाची चौकट फिरते आहे. ते मांडवात तासभर तक्क्याला टेकून बसले होते आणि कॅमेरा दोनदा त्यांच्यावरून गेला होता, हे सर्वांना आठवते. लोकसाहित्याचा किंवा बोलीचा अभ्यास करणाऱ्यालाही हेच हवे असते. हळदीच्या रात्री घोड आणि भीमेच्या काठच्या बायकांनी म्हटलेल्या ओव्या, जात्यावर हात ठेवून, कॅमेऱ्यासमोर. पार्श्वसंगीत म्हणून त्यांच्यावर एखादे चित्रपटगीत चढवलेले. ओव्यांचा मूळ आवाज टाइमलाइनच्या खालच्या पट्टीत होता. पट्टी मुकी केली, आणि मग पुसली.

पूर्ण एचडी चित्रण आले तेव्हा एक चौकट 1920 बाय 1080 ची झाली, म्हणजे नेमकी एका मॉनिटरएवढी. फोर-के मध्ये तिच्या चौपट. जुने गणित पुन्हा मांडले गेले आणि दुसरा मॉनिटर चैनीतून गरजेत आला. त्याच वेळी संकलनाचा फार मोठा भाग मोबाइलवर गेला. उभ्या पडद्यावर, काइनमास्टरसारख्या अॅपमध्ये, साखरपुड्याचे तीस सेकंदांचे रील मांडवातच तयार होते. तेथे वर चित्र, खाली टाइमलाइन, आणि मूळ चित्रण बघण्यास वेगळी जागा नाही. हे करणाऱ्या पोरांचे हात चपळ आहेत आणि लयीची त्यांची समज कित्येकदा जुन्या मिक्सिंगवाल्यांहून पक्की असते, हे आम्ही मोकळेपणाने नोंदवतो. त्यांच्यापुढे दुसरा पडदा कधी नव्हताच.

स्टुडिओंनी साठवणीच्या कटकटीवर अलीकडे वेगळा तोडगा काढला आहे. लग्न ठरतानाच घरच्यांना एक-दोन टीबीची हार्ड डिस्क आणून द्यावयास सांगतात, आणि काम झाल्यावर सगळे कच्चे चित्रण, तिन्ही-चारही कॅमेऱ्यांचे, तिच्यावर भरून परत करतात. पाठभेद अशा रीतीने पहिल्यांदाच संपादकाकडून घरधन्याकडे गेले आहेत. डिस्क कपाटात, बहुधा दागिन्यांच्या पावत्यांजवळ, तिच्या मूळ खोक्यात राहते. ती उघडून बघायला पुष्कळ घरांत संगणक नाही, आणि असला तरी फायलींची नावे कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे, असतात. फिरणाऱ्या चकतीची डिस्क वर्षानुवर्षे न चालवता ठेवली तर ती पुन्हा चालेलच याची हमी निर्माताही देत नाही. केडगावपासून कोरेगावपर्यंतच्या कपाटांत आज किती लग्ने अशी पडून आहेत हे कोणी मोजलेले नाही; मोजणारा निघाल्यास त्याने प्रथम हळदीच्या रात्रीच्या फायली उघडाव्यात.